डाव्या गालावरचा वारा

टोपी आली ती थेट गाडीच्या काचेवर.

टेकडीवरच्या रस्त्याचं शेवटचं वळण होतं. तिचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात लोणी लावलेला पाव, आणि समोरचं सगळं एकाएकी दिसेनासं झालं. तिने करकचून ब्रेक दाबला. पाव पायाशी पडला, आणि पडला तोही लोण्याच्याच बाजूने. काचेवर एक निळी टोपी वाऱ्याने दाबून धरल्यासारखी चिकटून बसली होती.

सकाळ अजून नीट सुरूही झाली नव्हती आणि तिचं डोकं फिरलं होतं. तसं ते फिरायला फार काही लागायचं नाही. वडील तिला भिंगरी म्हणायचे, ते काही उगाच नाही.

"कुणाची ही?" टोपी मुठीत धरून ती खाली उतरली.

वरून एक तरुण धापा टाकत पळत आला. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, केसांचं झालेलं टोपलं, आणि चष्म्यावर भुरभुर पावसाचे थेंब.

"माझी... माफ करा. वारा फार आहे हो इथं."

"हो का? बरं झालं सांगितलंत. आम्ही उगीच पवनचक्क्या लावून बसलोय."

तो हसला. चांगला मनापासून हसला. टोमणा मारल्यावर माणसाने निदान ओशाळावं, एवढी साधी रीतसुद्धा याला ठाऊक नव्हती. भिंगरीने टोपी त्याच्या हातात कोंबली.

"सात नंबरची चक्की हीच ना?" त्याने वर बघत विचारलं. "मी मुख्य ऑफिसातून आलोय. हिची तपासणी करायला. थकलीय म्हणतात ती."

"कोण म्हणतं?"

"आकडे म्हणतात."

झालं. त्या क्षणापासून तो तिच्यासाठी आकडेवाला झाला, आणि तिने त्याला मनातल्या मनात टेकडीवरून खाली ढकलूनही दिलं.

कारण सातवी तिची होती. टेकडीवरच्या सगळ्या चक्क्यांची देखभाल चारपाच जणं मिळून करायची, पण सातवीच्या पात्यांना दोरावर लटकून डागडुजी करायची ती भिंगरीच. कुठल्या पात्यावर गारांनी खरवडलंय, कुठलं पातं खाली येताना किंचित शीळ घालतं, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि आता कुणी एक चष्मेवाला येऊन म्हणणार, ही थकलीय. त्याने शनिवारी तसं कळवलं की सातवी उतरवणार. पाती करवतीने कापणार आणि खड्ड्यात पुरणार, कारण त्यांचं दुसरं काहीच करता येत नाही. हे सगळं मुकादमाने तिला आदल्या दिवशी चहा पिता पिता सांगितलं होतं, जसं काही उद्या पाऊस आहे म्हणून सांगावं.

"आणि पाठवलाय कुणाला? दोन दिवसांच्या पाहुण्याला," ती मुकादमाला म्हणाली होती. "इथल्या ऑफिसात पडद्यासमोरची खुर्ची वर्षभर रिकामी आहे. तिथं बसायला माणूस मिळत नाही त्यांना. चक्की मोडायची म्हटल्यावर बरा मिळाला."

*

आवारात एक जादा पातं लाकडी ठोकळ्यांवर आडवं ठेवलेलं होतं, कधी गरज पडली तर म्हणून. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हाक मारली तर ऐकू येणार नाही इतकं लांब. आकडेवाला त्याच्यावरून हात फिरवत चालला होता. भिंगरी मागे, दोन्ही हात कमरेवर.

"वारा याला ढकलतो, आणि म्हणून ते फिरतं. बरोबर ना?" त्याने विचारलं.

तिने डोळे मिटून घेतले. "ढकलतो? तुम्ही मुख्य ऑफिसात काय करता नक्की?"

"का? चुकलं का काही?"

"हे बघा." तिने पात्याच्या पाठीवर थाप मारली. "ही बाजू फुगीर आहे. ती बाजू बरीचशी सपाट. वारा फुगीर बाजूवरून जाताना जोरात पळतो, तिथला दाब कमी होतो. मग पातं त्या बाजूला ओढलं जातं. ढकललं नाही, ओढलं. विमानाचा पंख वर उचलला जातो ना... तसंच, फक्त हे गोल फिरतं." तिचे दोन्ही तळवे हवेत एकमेकांवरून सरकत होते, वळत होते, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. "पाती फिरली की मधला जाड दांडा फिरतो. तो अगदी सावकाश, आजीबाईसारखा. गिअरबॉक्स त्याची गती वाढवतो. पलीकडे जनरेटर. त्यात चुंबक आणि तांब्याच्या तारेची वेटोळी. चुंबक फिरला की तारेत वीज उभी राहते, आणि केबलमधून खाली येते. त्या विजेवर तुमचे पडदे चालतात. ज्यांच्यासमोर बसून तुम्ही ठरवता की आमची सातवी थकलीय म्हणून. पडद्यावरून काही कळत नाही."

"आणि वादळ आलं तर?"

"तर प्रत्येक पातं स्वतःभोवती वळतं, वाऱ्याला फक्त धार दाखवतं. वारा बाजूने निघून जातो. अंगावर घ्यायचा नाही, एवढी अक्कल तिला आहे. माणसांना नसते."

तो चष्मा पुसत होता, आणि ओठांच्या कडेला काहीतरी दडवत होता.

"तुम्हाला हे सगळं माहीत होतं," ती सावकाश म्हणाली.

"होतं."

"मग विचारलं कशाला?"

"तुम्ही हातांनी सांगता..." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "ते बघायचं होतं."

तिला इतका संताप आला की बोलायला शब्दच सुचेना. ही गोष्ट वर्षावर्षांत घडलेली नव्हती. ती ताडताड निघून गेली आणि दुपारभर दोन्ही हात खिशात घालून हिंडली.

*

"किती बोललीस त्याला?" आबांनी विचारलं.

आबा म्हणजे तिचे वडील. एके काळचे क्रेनवाले. सातवी उभी राहिली तेव्हा तिची तिन्ही पाती त्यांच्याच क्रेनने उचलली होती. आता गुडघे कुरकुरायचे म्हणून ते खिडकीशी बसून कांदा चिरायचे, आणि टेकडीवरची चक्की न चक्की मोजून घ्यायचे.

"फार नाही बोलले."

"म्हणजे जिवंत आहे म्हणायचा."

"आबा, तो सातवी मोडायला आलाय. आणि वर हसतो. मी बोलते आणि तो... बघत बसतो."

"काय बघतो?"

भिंगरीने भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

"आकडे खोटे का असतील गं पण?" आबा म्हणाले. "शेजारच्या सगळ्या बऱ्या चालतात आणि हीच मागे पडते, म्हणजे काहीतरी असेलच. तिचं काही बदललं होतं का?"

"काही नाही. वर्षापूर्वी वीज पडली तेव्हा डोक्यावरचा वाऱ्याचा बाण तेवढा बदललाय. तोही मी बदललाय, स्वतःच्या हाताने. त्यात काय असणार?"

"मग काही नसेल," आबा म्हणाले आणि डोळे पुसले. कांदा फार तिखट होता. "उद्या घेऊन जा त्याला वर. खालून भांडून काही दिसत नाही."

*

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबून थांबून येत होता, नुसता केसांवर बसणारा. वारा वर चढण्याजोगा होता. मनोऱ्याच्या पायाशी, लोखंडी दाराच्या आत, भिंतीवर सातवीची मुख्य कळ होती. भिंगरीने ती बंद केली, तिच्या कडीत आपलं लाल कुलूप अडकवलं, आणि त्याच्या हातात एक नवं कोरं निळं कुलूप ठेवलं.

"हे तुमचं. लावा."

"एक आहे ना आधीच?"

"वर जितकी माणसं, तितकी कुलुपं. सगळी निघाल्याशिवाय कळ चालू होत नाही. तुम्ही वर असताना खालून कुणी चक्की सुरू केली, तर तुमची खिमा-बोटी होईल. म्हणून कुलूप आपलं आपण लावायचं, आपलं आपण काढायचं. आणि चावी स्वतःच्या खिशात. मुकादमाने मागितली तरी द्यायची नाही. आईने मागितली तरी नाही."

"बायकोने मागितली तर?"

"बायकोला तर मुळीच नाही," ती फटकन म्हणाली. "ती रागाच्या भरात काय करेल सांगता येत नाही."

"लक्षात ठेवतो," तो गंभीरपणे म्हणाला आणि चावी खिशात टाकून वर बटण लावलं.

शिडी मनोऱ्याच्या आतून सरळ वर जात होती. अर्ध्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की खालून पावलांचा आवाज येईनासा झालाय. तिने वाकून बघितलं. तो शिडीला मिठी मारून उभा होता. चेहरा पांढराफटक.

"उंचीची भीती वाटते तुम्हाला?"

"थोडी."

"मग आलात कशाला वर? पडद्यावरून मोडता आली असती की सातवी."

"तुम्ही म्हणालात ना... पडद्यावरून काही कळत नाही." त्याने शिडी आणखी घट्ट धरली. "मग म्हटलं, बघून तरी यावं. मोडायची असली तर निदान तोंडावर सांगावं तिला."

भिंगरीला यावरही चिडायचं होतं. पण राग हाताशी असूनही आला नाही. ती चार पायऱ्या खाली उतरली आणि नंतर त्याच्या चालीने, एकेक पायरी, वर चढत राहिली. पायाखाली काय आहे ते बघू नका, माझ्या बुटांकडे बघा, असं तिने सांगितलं. त्याने वरपर्यंत तेवढंच केलं.

वरच्या यंत्रघरात तेलाचा वास होता आणि मनोरा किंचित डुलत होता. तिने त्याला गिअरबॉक्स दाखवला, जनरेटर दाखवला, दुर्बिणीतून पात्यांच्या कडा दाखवल्या. सगळं धडधाकट. दर वेळी ती विचारायची, "ही थकलेली वाटते?" आणि दर वेळी तो म्हणायचा, "नाही." तिच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

शेवटी छताचं झाकण उघडून दोघं बाहेर आले. कमरेचे पट्टे कठड्याला अडकवले. वर फक्त आभाळ, खाली ओली हिरवी टेकडी आणि तिच्यावर रांगेने फिरणाऱ्या बाकीच्या चक्क्या. आकडेवाला सातवीच्या नाकाकडे, म्हणजे पाती जोडलेल्या टोकाकडे, तोंड करून बसला होता. दोन्ही हातांनी कठडा गच्च धरलेला. इकडेतिकडे मान वळवायची त्याची हिंमतच नव्हती.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं. आवाज तिच्या नकळत मऊ झाला होता.

"छान. गार. फक्त... डावा गाल बधीर झालाय."

"काय?"

"वारा सगळा डाव्या गालावर लागतोय माझ्या."

"मग तोंड समोर करा की."

"समोरच आहे." तो डोळे मिटूनच म्हणाला. "नाकाच्या रेषेत. हलायची छातीच नाही माझी."

ती हसणार होती. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. चक्की नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी असते. तिच्या डोक्यावरचा बाण सांगतो वारा कुठून येतोय, आणि सगळं डोकं तिकडे वळतं. वारा सातवीच्या तोंडावर यायला हवा. यायलाच हवा. भिंगरीने स्वतः समोर तोंड केलं. गार हवा तिच्याही डाव्या गालावर येऊन आदळली. तिने शेजारच्या चक्क्यांकडे बघितलं. सगळ्या एका दिशेला बघत होत्या, सातवी जराशी भलतीकडे.

ती रांगत छताच्या मागच्या टोकाला गेली. बाण तिथेच होता, आपला इमानदारीत वाऱ्याकडे रोखलेला. पण त्याची बैठक... बैठकीवरची खूण सातवीच्या नाकाच्या रेषेत असायला हवी होती. ती एका अंगाला सरकलेली होती. थोडीशीच, जेमतेम दोन बोटं.

तिला तो दिवस आठवला. वारा वाढत चालला होता, मुकादम खालून उतरा उतरा म्हणून ओरडत होता, आणि तिने शेवटचा बोल्ट दात ओठ खाऊन आवळला होता. आवळताना बैठकही बोल्टबरोबर फिरली. पुन्हा खूण बघायची असते. तिने बघितली नव्हती.

म्हणजे वर्षभर सातवी भलतीकडेच बघत उभी होती. वारा समोर आहे असं समजून, अर्धामुर्धा अंगावर घेत, बिचारी इमानेइतबारे फिरत होती. आणि भिंगरी वर्षभर सगळ्यांवर चिडत होती. मुकादमावर, आकड्यांवर, या माणसावर.

"सापडलं का काही?" त्याने डोळे न उघडताच विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली. "मी सापडले."

तिने सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. तो ऐकत होता. मग डोळे उघडून, कठडा धरत धरत, इंच इंच सरकत तिच्याजवळ आला. 

"वाऱ्याने सरकला असेल बाण," तो म्हणाला. "मी तसं कळवतो. कुणाला काय कळतंय..."

"मला कळतंय," ती उसळली. "माझ्या हाताची चूक वाऱ्याच्या नावावर घालताय? वाऱ्याने काय केलंय? तो येतोय बिचारा सरळ. बोल्ट मी आवळला, खूण मी बघितली नाही. तसंच सांगा. मला उपकार नकोत तुमचे."

"उपकार नव्हते ते."

"मग काय होतं?"

त्याने तिच्या कपाळावर चिकटलेल्या ओल्या बटेकडे बघितलं, आणि मग चटकन आपल्या बुटांकडे.

"पाना द्या इकडे," ती म्हणाली. "तुम्ही बैठक धरा. दोन्ही हातांनी. मी आवळते, फिरू द्यायची नाही. समजलं?"

दोन्ही हातांनी धरायची म्हणजे कठडा सोडायला हवा होता. त्याने सोडला.

*

खाली आल्यावर मुकादमाने तिला जे सुनावायचं ते सुनावलं, आणि तीन महिने तिने आवळलेला प्रत्येक बोल्ट दुसऱ्याने तपासायचा असं ठरवून टाकलं. भिंगरीने मान खाली घालून ऐकलं. मुकादम निघून गेल्यावर मात्र पुटपुटली, "एवढ्यावरच सोडलं? मी असते तर सहा महिने म्हटलं असतं."

तिने लाल कुलूप काढलं. त्याने निळं. तिने कळ वर केली आणि दोघं बाहेर येऊन उभे राहिले.

सातवीने आधी डोकं वळवलं. हळूच, गुरगुरत, झोपेतून उठलेल्या माणसाने कूस बदलावी तसं. शेजारणी बघत होत्या तिकडे बघायला लागली. पाती आपापल्या जागी वळली, वारा त्यांच्या पाठीवरून पळायला लागला, आणि पहिलं पातं सू करून खाली आलं. मग दुसरं. मग तिसरं. आकडेवाल्याने मोबाइल पुढे केला. सातवीचा आकडा चढत चढत शेजारणींना जाऊन मिळाला होता. भिंगरीला तो नीट दिसला नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचाही तिला राग आला.

"आता नाही उतरवणार कुणी हिला," तो म्हणाला. "थकलेली नाही. नुसती... दुसरीकडे बघत होती."

खाली रस्त्यावर त्याची गाडी येऊन थांबली होती. आकडे बघून झाले, तपासणी संपली, आणखी थांबायचं काही कारण नव्हतं.

"मग... निघता?" ती म्हणाली, रस्त्याकडे तोंड करून.

"हो. एक काम होतं फक्त." त्याने तळहात पुढे केला. त्यावर निळं कुलूप होतं, आणि चावी. "कुलूप इथंच राहू दे, आत खुंटीवर. तुमच्या लाल कुलपाशेजारी. आणि चावी... तुम्ही ठेवाल? तुमच्याकडे?"

भिंगरीने चावीकडे बघितलं. सकाळपासून स्वतःवर साठलेला सगळा राग, कुठे जायचं ते न कळून, नेमका तिथं येऊन फुटला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ती म्हणाली. "काय सांगितलं होतं मी सकाळी? चावी म्हणजे जीव असतो आपला. असा कुणाच्याही हातात ठेवायचा? मुकादमाला द्यायची नाही, आईला द्यायची नाही, आणि बायकोला तर मुळीच—"

ती थांबली.

सातवीचं एक पातं सू करत खाली आलं, वर गेलं. दुसरं आलं.

"बायकोला?" तो म्हणाला. अगदी हळू.

तिला शब्द मागे घेता आले असते. तोंडात आलं म्हणून बोलले, नियमच तसा आहे, असं काहीही म्हणता आलं असतं, आणि ते त्याने मानलंही असतं, इतका तो भला होता. तिने मान वळवली. वारा तिच्या डाव्या गालावर लागला. कान लाल झाले. मग तिने तोंड फिरवलं आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. असं समोरासमोर ती त्याच्याकडे पहिल्यांदाच बघत होती.

"खिशात ठेव ती," ती म्हणाली. "आणि ज्याचं कुलूप खुंटीवर असतं, त्याने लांब जायचं नसतं. तोही नियम आहे."

"हा सकाळी सांगितला नव्हता."

"आत्ताच केलाय. काही म्हणणं आहे?"

"नाही," तो म्हणाला. "इथल्या ऑफिसातली ती पडद्यासमोरची खुर्ची... अजून रिकामीच आहे ना?"

"वर्षभर रिकामी आहे. कोण येतंय इथं बसायला?"

"मी येतो."

त्याने चावी खिशात टाकली, वर बटण लावलं, आणि गाडीवाल्याला परत पाठवायला उतारावरून निघाला. दहा पावलं गेला असेल नसेल, तोच त्याची टोपी पुन्हा उडाली. या वेळी भिंगरीने ती वरच्यावर झेलली, आणि परत दिली नाही.